बाबांचा हात

डिचोली, रविवार रात्र

आज पणजीला विनाचालक गाड्यांची स्पर्धा. आमची छोटी गाडी शेवटच्या वळणावर थांबून वाट शोधत होती, तेवढ्यात बाबांनी धावत येऊन तिला मागून हात लावला. जन्मभर खाणीवर ट्रक चालवलेला माणूस! तिथे कुणाचीही गाडी अडली की सगळे उतरून ढकलायचे. इथे माणसाचा हात लागला म्हणून आम्ही बाद.

"अडलेली गो ती," बाबा म्हणाले.

मी सगळ्यांसमोर ओरडले, "तुम्हाला यायला कोणी सांगितलं होतं?"

परतताना बसमध्ये ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. आताही जेवताना तो हात ताटावर अवघडल्यासारखाच.

कोणी सांगितलं होतं यायला? मीच. हट्ट करून.