वच्छलेच्या हातातला माल

मी, गोवर्धन रामराव गावंडे, वय बावन्न, धंदा मोटारींचे तडकलेले प्लास्टिक घरी सांधणे, राहणार अकोला, पूर्ण शुद्धीवर असताना आणि चष्मा लावून हे लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी वच्छला म्हणते, तिचे आहे. ते लग्नापासूनचे असल्याने धरू नये.

कारण असे. डॉक्टरांनी माझी छाती तपासली आणि फी घेतली नाही. हे कळताच वडीलबंधू नत्थुजी हिवरखेडहून मोटार घेऊन आले आणि वच्छलेसमोर म्हणाले, "तुह्या मागं हिले गावाले नेऊ. बांगड्या फोडून गुमान मागच्या खोलीत बसन." आम्हाला मूल नाही, त्यामुळे भाऊ हे करतीलच. ते होऊ नये, एवढ्यासाठी हा कागद.

एक. दोन खोल्यांचे घर वच्छलेचे. ती अकोल्यातच राहील.

दोन. कानस, पॉलिश कागद, तापवायच्या सळया आणि असिटोनच्या बाटल्या तिलाच. बाटली चुलीजवळ नेऊ नये. मी नेली होती. तेव्हापासून माझी उजवी मिशी डावीच्या मागे राहिली आहे.

तीन. शेजारचा ओमप्रकाश आमची नक्कल करून स्टिअरिंगच्या भेगांत डांबर भरतो. गेल्या मे महिन्यात एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींचे दोन्ही हात चाकाला चिकटले आणि मूर्तिजापूरपर्यंत त्यांना कोणाला नमस्कार करता आला नाही. गिऱ्हाईक पुढे आमच्याकडेच आले, तरी राग आहे. ओमप्रकाशला माझी रॉकेलची बाटली द्यावी, हात धुवायला.

चार. हे कलम मोठ्याने वाचावे. प्लास्टिकची बांगडी असिटोनमध्ये विरघळवली की तिची खळ होते आणि भेग भरते. हे वच्छलेच्या ध्यानात आले, बाटली सांडून तिची बांगडी मऊ पडली तेव्हा. मी त्या वेळी नुसता ओरडत होतो. मागच्या दिव्याला तांबडी, वळायच्या दिव्याला पिवळी, स्टिअरिंगला काळी. घरात फळी नाही म्हणून हा माल ती हातात घालून ठेवते. सबब तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या हा दुकानाचा माल असून तो मी तिला देत आहे. माझ्या मागे कोणी त्या फोडल्यास मालाची नासधूस समजावी. शिवाय प्लास्टिक दगडावर फुटत नाही, उडते. भावजय पार्वताबाईंनी डोळे सांभाळावेत.

बाबा गेले तेव्हा बायकांनी आईचे हात दगडावर धरले. काचेने मनगट कापले. त्या दिवसाचा राग मला अजून आहे. तो मी कोणालाही देत नाही, सोबत नेतो.

भाऊंच्या मोटारीच्या मागच्या दिव्याची तांबडी प्लास्टिकची काच आल्या दिवशीच आमच्या फाटकाला लागून तडकली. ती सांधून झाली आहे. ते आज न्यायला आले. समोर बसून त्यांनी इथवर वाचले आणि ते म्हणाले, "हे कागदावर लिवाचं काम होतं का?"

वच्छला भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, थेट बोलत नाही. पदर सावरून मला म्हणाली, "त्यायले म्हना, काच तयार हाय. साक्षीदाराची सही करा, मंग लावून देतो."

"मोटारीचं ठीक हाय. बाईच्या बांगड्यायचं येगळं असते," भाऊ म्हणाले.

तेव्हा ती त्यांच्याकडे वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "काहून येगळं? ह्या काचीत माह्या तीन बांगड्या गेल्या, भाऊजी. फोडाच्या असन तं पयले ह्या फोडा."

भाऊंनी काच हातात फिरवली. भेग कुठे होती ते त्यांना सापडेना. मग त्यांनी पेन मागितले.

मृत्युपत्र करणार: गोवर्धन रामराव गावंडे

साक्षीदार: धर्मपाल इंगळे, नोकरी तहसील कचेरी

साक्षीदार: नत्थुजी रामराव गावंडे. (स्वहस्ते) कलम चार वाचलं. वच्छला सूनबाई अकोल्यातच राहीन. काच मिळाली.

मुक्काम अकोला, तारीख १९ मे १९६६