राखाडी रंगाचं दुकान

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; कंबर धरली आहे). तुझी, भावोजींची आणि भावोजींच्या गुडघ्याची प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. इकडचं म्हणशील तर आई बरी आहे, मी शिक्षक आहे आणि बाबा दुकान कायमचं बंद करायला निघाले आहेत. या शेवटच्या गोष्टीला मी जबाबदार आहे असं घरात एकमताने ठरलंय, म्हणून हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, नववीला मी मानवी आणि आर्थिक भूगोल शिकवतो. माणसं कुठे राहतात, पोटासाठी काय करतात आणि एक दिवस उठून दुसरीकडे का जातात, हे मी अशा मुलांना सांगतो ज्यांना फक्त मैदानावर जायचं असतं. दरवर्षी त्यांना भूमी उपयोजनाचा नकाशा करायला आपल्या बाजाराच्या रस्त्यावर सोडतो. घरांना पिवळा रंग, दुकानांना लाल, कारखान्यांना जांभळा आणि वापरात नसलेल्या जागेला राखाडी. यंदा मला अक्कल सुचली (नसती सुचली तर बरं झालं असतं). नुसत्या पाट्या वाचून रंग भरायचे नाहीत, असा मी नियम केला. समोर उभं राहायचं, आत गिऱ्हाईक जातंय का बघायचं, आणि तासाभरात कोणीच गेलं नाही तर ती जागा वापरात नाही असं धरायचं. बाबांचं पंखे, इस्त्र्या आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान त्याच रस्त्यावर आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेलं जसंच्या तसं केलं.

नकाशा शाळेच्या प्रदर्शनात लागला. बाबा दरवर्षीसारखे कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. नकाशावर बोट ठेवून चपलांचं दुकान, न्हावी, औषधवाला असे सरकत सरकत स्वतःच्या दुकानापाशी पोचले. तिथे राखाडी. कोपऱ्यातल्या सूचीत त्या रंगाचा अर्थ वाचला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि मला न भेटता घरी गेले. जेवताना एवढंच म्हणाले, की मोबाइलवाला कधीपासून दुकान मागतोय, पुढच्या महिन्यात त्याला देऊन टाकतो. ताई, आपण दोघं त्या दुकानावरच वाढलो, आणि मी ते रंगपेटीतल्या एका खडूने बंद केलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा घरी. स्वयंपाकघरातली लोकसंख्येची घनता एकदम दुप्पट झाली. त्यांनी आधी नळ खोलला, मग दाराची कडी, मग कपाटाची बिजागरी, आणि आता ते आईला भाजी कशी चिरावी हे समजावून सांगतात. आई म्हणते, एवढी वर्षं संसार सुखाचा झाला तो हे दिवसभर दुकानात असायचे म्हणून. वर्गात मी स्थलांतराचे रेटा घटक आणि ओढ घटक शिकवतो ना, तर आईला सध्या रेटा भरपूर आहे, फक्त जायला जागा नाही.

मग मी दुसरा शहाणपणा केला. वर्गाला विश्वासात घेतलं आणि मागणी आणि पुरवठा या धड्याचं प्रात्यक्षिक म्हणून प्रत्येकाने घरातली एक बिघडलेली वस्तू त्या दुकानात नेऊन द्यावी, असं सांगितलं. बाबांना घरून बोलावून दुकान उघडायला लावलं. रांग लागली. बाबा दुपारी जेवायलाही आले नाहीत. आईने डबा पाठवला तर हात रिकामा नाही असा निरोप आला. दोन दिवस माणूस कसा फुलून गेला होता म्हणून सांगू. मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा पंखासुद्धा आला होता (कोणी आणला ते मी विचारलं नाही, मुख्याध्यापक मात्र दोन दिवस घाम पुसत विचारत होते).

तिसऱ्या दिवशी बाबांनी मला दुकानात बोलावलं. फळीवर इस्त्र्या ओळीने मांडल्या होत्या. म्हणाले, "तुझ्या पोरांनी वायर छान सोडवलीय, पण सगळ्यांनी तीच का सोडवली?" घरात बिघडलेलं काहीच सापडेना, तेव्हा एका हुशार मुलीने मधल्या सुट्टीत सगळ्यांना इस्त्री बिघडवायला शिकवलं होतं. (मी शिकवलेलं त्यांच्या कधी एवढं लक्षात राहत नाही.) बाबांनी सगळं नीट जोडून ज्याचं त्याला परत पाठवलं, शटर ओढलं आणि म्हणाले, खरंच बिघडलेलं एक तरी काही आणून दाखव, मग मोबाइलवाल्याला नाही म्हणतो.

असो. इकडे हे असं आहे. मी थकलोय, आई वैतागलीय आणि पुढच्या आठवड्यात वर्गात व्यवसायांचे प्रकार आहेत. भावोजींना नमस्कार, गुडघा शेकायला सांग.

तुझा,
भूगोलाने जेरीस आलेला भाऊ

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. बाबांनी तुला लग्नात दिलेली इस्त्री तापत नाही, असं तू मागे फोनवर म्हणाली होतीस. टाकून दिली नसशील तर ताबडतोब पार्सलने पाठव. मात्र तिला हात लावू नकोस. कोणी उघडली होती, हे बाबा बघताक्षणी ओळखतात.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवायला घरात डिंक नाही. बाबांच्या दुकानात आहे, तिथूनच चिकटवून पेटीत टाकायला पत्र त्यांच्याकडे देतोय. ते दुसऱ्याची पत्रं वाचत नाहीत.

चि. ताईस अनेक आशीर्वाद. वाचलं. ती इस्त्री बिघडलेली नसणार, मी स्वतः निवडून दिली होती. पार्सल करू नकोस, वाटेत आदळतं. घेऊनच ये. मोबाइलवाल्याला तू येईपर्यंत थांब म्हणून सांगितलंय, सावकाश ये. इस्त्री राहिली तरी चालेल.

— बाबा