बोटाला कळतं

मंगळवार, ११ मार्च
दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोचा खोकला कमी झाला का? लेकीचे पेपर कसे गेले? इकडे सगळं ठीक. खिडकीतल्या कुंडीला दोन कळ्या आल्या आहेत. आमच्या शाळेतल्या सिस्टर पत्रलेखन शिकवताना सांगायच्या, आधी ख्यालीखुशाली, मग मुद्दा. आज ख्यालीखुशालीतच कागद संपेल असं दिसतंय. म्हणून आधी तुला आवडेल ते लिहिते.

इंजिन चालू झालं.

खरंच. मागच्या खोलीतल्या टेबलावर, लाकडी पाटावर बसवलंय. माझ्या तळहातावर मावेल एवढं, पण चार सिलिंडरचं. शिवताना आपण बोटात टोपण घालतो ना, एकेक सिलिंडर तेवढा. चमचाभर पेट्रोल पितं आणि चिडलेल्या गांधीलमाशीसारखं ओरडतं. पहिल्यांदा ओरडलं तेव्हा तुझे भावोजी लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

आणि ऐक, त्यात क्रँक, तो मधला फिरणारा दांडा, तुझा आहे. गेल्या वर्षी "केसभर वाकडा आहे" म्हणून ह्यांनी तुझ्या हातात परत दिला, तू मोजायचा डायल लावून काटा हलत नाही ते दाखवलंस, आणि हे म्हणाले, "तुझा डायल खोटा असेल, माझ्या बोटाला कळतं." तू क्रँक तिथेच टाकून, चहा न घेता गेलास. त्यानंतर ह्यांनी स्वतः दोन क्रँक केले. दोन्ही फेकले. मग एके दिवशी गुपचूप तुझा बसवला. मला काही बोलले नाहीत, पण मी तेल पुसताना तुझी ठिपक्याची खूण पाहिली. आयुष्य यंत्रांत घालवलेल्या माणसाला हार मानणं जड जातं रे. तू मनात ठेवू नकोस.

चारांतले तीन सिलिंडर चालतात. तिसरा मुका आहे. चौघं एका सुरात बोलले की त्याच दिवशी डॉक्टरकडे येतो, असं ह्यांनी मला वचन दिलंय.

बघ, लिहून गेले. आता खोडत नाही.

दिवाळी… नाही, त्याच्याही आधीची गोष्ट. हे दुकानातून खिळे घेऊन आले. दारात मी विचारलं, "एक चप्पल कुठे विसरलात?" ह्यांनी खाली पाहिलं. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, तळव्यातून रक्त. कुठे निसटली, काच कुठे लागली, पत्ता नाही. शेजारीण म्हणाली, "इंजिनवाल्यांचं डोकं ठिकाणावर नाही." आम्ही तिघंही हसलो. मी हसता हसता फरशीवरचे लाल ठसे पुसत होते.

मग बोटांचं. मेलेला सिलिंडर कसा शोधतात ते तुला मी काय सांगणार? मिनिटभर चालवायचं, बंद करायचं, आणि धुराच्या चार नळ्यांना बोट लावायचं. गार असेल ती मेलेली. एक दिवस ह्यांनी ओळीने चारही नळ्यांना बोट लावलं आणि म्हणाले, "चारी गार."

मी म्हटलं, "मग इतका वेळ कोण ओरडत होतं, मी?"

ते हसले नाहीत. बोट चौथ्या नळीवर तसंच टेकलेलं होतं. मला चामडं जळल्याचा वास आला. त्यांना वासही आला असणार, कारण त्यांनी आधी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि धाकट्या, मी काय केलं असेल? मी म्हटलं, "निवलं असेल एव्हाना." संध्याकाळी बोटावर टपोरा फोड. हे म्हणाले, "वितळलेलं सोल्डर सांडलं." मी "बरं" म्हटलं. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही इतकं सफाईने कधी खोटं बोललो नव्हतो.

आता सगळ्यात वाईट. हे दुपारी झोपले की मी भरतकामाची बारीक सुई स्पिरिटने पुसते आणि त्यांच्या पायाला टोचते. अंगठ्यापासून वर, हळूहळू. पाय जिथे दचकतो तिथे मनातल्या मनात रेघ ओढते. गेल्या महिन्यात रेघ घोट्याच्या वर चार बोटं होती. या महिन्यात ती गुडघ्याच्या खाली चार बोटं आहे. शाळेत सिस्टरनी ह्याच सुईने फुलं काढायला शिकवली होती. आता रोज दुपारी मी भीत भीत सुयांचा डबा उघडते. न पाहण्याची भीती अजून मोठी आहे.

परवा सुई टेकवली, आणि डोळे मिटलेलेच ठेवून हे म्हणाले, "आज कुठवर?"

माझ्या हातून सुई पडली.

"कधीपासून जागे आहात?"

"पहिल्या दिवसापासून. खाली बसताना तुझे गुडघे वाजतात."

मी सांगितलं, कुठवर. त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "अगं, मला भीती वाटते." हा माणूस, धाकट्या! कारखान्यात बॉयलर फुटला तेव्हा लोकांना बाहेर काढून मग शेवटी स्वतः बाहेर आलेला. मी त्यांचा हात धरला, आणि मी धरलाय हे त्यांना कळावं म्हणून मनगटाच्या वर धरला.

आज सकाळी इंजिन चालवलं. बंद केल्यावर त्यांनी माझं बोट पकडलं, पाण्यात बुडवलं आणि एकेका नळीला निसटतं टेकवत विचारलं.

"पहिली?" "चर्र. गरम."

"दुसरी?" "गरम."

"तिसरी?"

तिसरी गार होती. क्षणभर वाटलं, गरम म्हणून टाकावं. चौघं बोलले म्हणावं आणि आजच ह्यांना रिक्षात घालावं. पण आता खोटं बोलवेना. "गार," मी म्हटलं.

"तिसऱ्याची झडप नीट बसत नाही," हे म्हणाले. "हाताने घासून बसवायला हवी. पण कुठे थांबायचं ते बोटाला कळावं लागतं." फडक्याने हात पुसले. मग म्हणाले, "आपल्या शहाण्या मेहुण्याला लिही. मी सांगितलं असं मात्र लिहू नकोस."

म्हणून लिहिते आहे, त्यांनीच सांगितलं. आणि ते कधी म्हणणार नाहीत तेही माझ्याकडून घे. तुझा क्रँक सरळ होता. डायल खरा होता. बोटांनी तेव्हाच दगा द्यायला सुरुवात केली होती आणि आपण मात्र डायलवरून भांडत बसलो.

पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाची मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तिसरा बोलो वा न बोलो, मी त्यांना नेणार आहे, उचलून न्यावं लागलं तरी. पण तू त्याच्या आधीच्या बुधवारपर्यंत आलास, झडप बसवलीस आणि तो बोलला, तर ते स्वतःच्या शब्दाखातर, स्वतःच्या पायांनी येतील. तेवढं त्यांना मिळू दे.

बेल वाजवत थांबू नकोस. मागचं दार उघडं असेल.

धीर एकवटून वाट पाहणारी,
तुझी ताई