जोसाया पेलम यांच्या पुतळ्यासाठीचे खोदकाम थांबवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
नगर मंडळ, ॲशकोम,
मॅसॅच्युसेट्स

विषय : तळ्याकाठच्या कुरणात सोमवारी पुतळ्याचा पाया न खणण्याबाबत.
संदर्भ : मूळपुरुषाची कबर शोधण्याचे, गावाच्या स्थापना-उत्सव समितीने मला सोपवलेले काम.

महोदय,

१. जोसाया पेलम इंग्लंडहून जहाजाने आले व त्यांनी हे गाव वसवले, हे आपण जाणताच. मी त्यांची थेट वंशज. त्यांच्या पत्नीची व मुलांची थडगी चर्चच्या आवारात आहेत, त्यांचे नाही. ते शोधावे, म्हणजे अस्थी पुतळ्याखाली ठेवता येतील, असे समितीचे प्रमुख व माझे चुलतभाऊ वॉरन पेलम यांनी मला सांगितले होते.

२. सारी कबरस्ताने पालथी घालूनही काही हाती न लागल्याने मी तळ्यापलीकडे श्रीमती ऑर्फा हेझर्ड यांच्याकडे गेले. त्या निपमक जमातीच्या; आपले पूर्वज येण्याआधीपासून त्यांचे लोक इथे आहेत. त्या मक्याची कणसे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा आजोबा कुठे पुरलाय ते आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. विचारायला मात्र तुम्ही आज आलात."

त्यांनी सांगितले ते असे. वसाहतवाले व निपमक यांच्यातल्या जुन्या लढाईच्या हिवाळ्यात जोसायांनी ऑर्फाबाईंच्या जमातीच्या माणसांना बायकापोरांसह आपल्या धान्याच्या कोठारात आसरा दिला. मग बाहेरून अडसर घातला आणि कोठार पेटवले. पुढे जोसायांना घरात झोप येईना. त्या राखेवर खोपट घालून ते एकटेच राहिले व तिथेच वारले. मुलांनी तिथेच पुरले; दगड मुद्दाम लावला नाही. ती जागा म्हणजेच हे कुरण.

३. माझा विश्वास बसला नाही. समितीच्या परवानगीने विद्यापीठातील जाणकारांकडून एक चर खणून घेतला. हातभर खाली जळकी माती लागली, मग हाडे. पुष्कळशी लहान मुलांची. त्यांच्या वर, एकटाच, पालथा निजवलेला एक मोठा माणूस.

४. वॉरन यांना नेऊन दाखवले. त्यांनी कडेची माती बुटाने चरात लोटली. मग म्हणाले, "ज्युडी, तुला कबर शोधायला सांगितली होती. हे उकरायला नव्हतं." दुसऱ्या दिवशी चर बुजवलेला होता. जाणकार आता माझा फोन उचलत नाहीत. चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसत नाही. ऑर्फाबाईंचा कुत्रा विषाने मेला. मंगळवारी मी घरात असताना मागचे दार कोणीतरी बाहेरून दोराने बांधले. पोलीस चौकीत सांगितले, तर "वारा असेल, बाई," असे उत्तर मिळाले. वारा गाठ मारत नाही, हे मी येथे लेखी नोंदवते.

५. तरी विनंती की, काम थांबवून ती हाडे ऑर्फाबाईंच्या लोकांच्या स्वाधीन करावीत. पुतळा अन्यत्र कुठेही उभारावा. माझी हरकत नाही.

काम न थांबल्यास सोमवारी सकाळी आम्ही दोघी खुर्च्या टाकून त्या जागी बसणार आहोत. खोदयंत्र चालवणारा एबेन हा वॉरन यांचा मुलगा. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवले आहे. आम्ही तिथे असू, हे आपण त्याला आधी सांगावे. कळल्यावर तो यंत्र थांबवील, असे महिन्यापूर्वी मी छातीठोकपणे लिहिले असते.

आपली, अजून तरी याच गावची,
ज्युडिथ पेलम

दि. ४ ऑक्टोबर

सोबत : चराची छायाचित्रे. (दुसरा संच गावाबाहेर ठेवला आहे.)