व्याही पाचवे, बाहेर मी

जावईबापूंस,

सासऱ्याचा सप्रेम नमस्कार. तुमची, माझ्या लेकीची आणि तुमच्या त्या राउटरची तब्येत ठणठणीत असेलच. राउटरची चौकशी आधी करणार होतो, पण रीत म्हणून तुम्हाला पुढे ठेवलं. इकडे माझा रक्तदाब वाढला आहे आणि त्याला कारण तुम्ही आहात. (राग मानू नये. जावयावर रागावायचं नसतं, म्हणून मी नुसतं लिहितो आहे.)

वसाहतीत घराघरांत टीव्ही पोचवायचं काम तुमच्याकडे आलं तेव्हा मी चारचौघांत मिरवलं होतं. तुम्ही मला समजावलंत, की राउटरवर प्रत्येक घराचा एक पोर्ट असतो आणि त्या पोर्टवर एका वेळी चारच मल्टिकास्ट ग्रुप चालतात. म्हणजे माझ्यासारख्याला कळेल असं बोलायचं तर, घरात एका वेळी चारच वाहिन्या. मी मान डोलावली. मुलगा, सून, ही आणि मी, चौघांचे चार टीव्ही, कोणी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग व्याही आले. (सुनेचे वडील. तुमचे वडील नव्हेत. ते दोन दिवसांत परत जातात, माणूस समजूतदार.) हे चार दिवसांसाठी म्हणून आले ते स्वतःचा टीव्ही घेऊन. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आता माझ्या मालिकेचं ऐका. एका बंगल्यात खून झाला आहे आणि गेलं वर्षभर मी खुनी शोधतो आहे. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी टीव्ही लावून बसतो. इन्स्पेक्टर म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे," आणि पडदा काळा! का, तर पलीकडच्या खोलीत व्याह्यांनी कुस्ती लावली. पाचवी वाहिनी मागितली की तुमचा राउटर सगळ्यात आधी बसलेल्याला उठवतो म्हणे. मी चिडून पुन्हा मालिका लावली तर हिची गाणी गेली, हिने गाणी लावली तर मुलाच्या बातम्या गेल्या, त्याने बातम्या लावल्या तर सुनेचा सिनेमा गेला, आणि तिने सिनेमा लावला तशी तिच्याच वडिलांची कुस्ती गेली. तेवढाच क्षणभर मला बरं वाटलं. मग त्यांनी पुन्हा कुस्ती लावली.

जावईबापू, मी उभा जन्म नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर काढला. उशिरा उगवलेल्या पाहुण्यासाठी पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याला मी कधी उठवलं नाही. मंत्री आले तरी नाही. (आले नव्हते, पण आले असते तरी.) तुमच्या राउटरला वडीलधाऱ्यांची काही चाड आहे की नाही? रविवारी शेवटचा भाग आहे. एक तर मर्यादा पाच करा, नाही तर सरळ नियम करा, की आधी येईल तो बसेल आणि पाचवा बाहेर राहील.

तुमच्यावरचा लोभ राउटरवर अवलंबून नाही, असं ही लिहायला सांगते आहे.

तुमचा,
सासरा

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आत लेकीला फोनवर सगळं बोलून गेलो आणि तुम्ही त्याच दिवशी नियम फिरवलात. शाबास! फक्त आज रविवारी मी टीव्ही बंद करून (वीज वाचावी म्हणून) जरा लवंडलो आणि उठून पाहतो तर चौघे आधीच बसलेले. पाचवा मी! हा कसला आडमुठा नियम? ज्याचं घर त्यालाच दारात उभं करता? ताबडतोब पूर्वीसारखं करा.

आणखी एक ता. क. थांबा, काही करू नका. सून म्हणाली, दोघांनी एकच वाहिनी लावली तर राउटर ती एकच धरतो. व्याह्यांनी ते ऐकलं आणि ऐन फायनलची कुस्ती सोडून माझी मालिका लावली. माझाही पडदा उजळला. मी आभार मानले नाहीत. मधे भिंत होती. जरा वेळाने त्यांनी भिंतीवर एकदा ठोकून ओरडून सांगितलं, खुनी नर्स. मी दोनदा ठोकलं आणि ओरडलो, छे, वकील. वकीलच निघाला, तेव्हा मी भिंत बडवून काढली. उद्यापासून त्याच वेळेला नवा खून आहे. म्हणून आता खरं काम सांगतो. मर्यादा पाच मुळीच करू नका. पाचवी जागा झाली तर व्याही कुस्तीकडे परत जातील, आणि मग मी चुका कोणाच्या काढायच्या?