आइसलँडच्या कवीचा अनुप्रास

सर, तुमचा तो आइसलँडचा कवी गेल्या मंगळवारी मला इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये, आमच्या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भेटला आणि मी अजून सावरलेले नाही. टीममध्ये नवी आलेली बाई आइसलँडची निघाली. मी तुमची विद्यार्थिनी. मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं, की तुमच्याकडच्या एका कवीनं जुनं सगळं झुगारून दिलं, हे मला कॉलेजातच शिकवलंय. ती हसली. शाळेत आम्ही त्याच्या कविता पाठ करतो म्हणाली, आणि डबा बाजूला सारून एक म्हणायलाच लागली. म्हणताना टेबलावर बोटानं ठेका धरत होती. यमक नव्हतं, पण ओळीओळीत तोच आवाज ठरल्या जागी परत येत होता. अनुप्रास, सर! मी तिला दोनदा म्हणायला लावलं.

"हे त्यानं कधीच सोडलं नाही," ती म्हणाली. "म्हणून तर जुनी माणसंही त्याला आपला मानतात. इंग्लिशमध्ये ते ऐकूच येत नाही." मला तुमचं घर आठवलं.

तुमच्या बाहेरच्या खोलीत मी उभी आहे, एकोणीस वर्षांची, ओव्यांची वही घेऊन. इंग्रजीवरून तुम्ही केलेलं त्याचं भाषांतर टेबलावर आहे, चहाचा कप त्याच्यावरच. चार पानं उलटून तुम्ही वही परत देता. "हे दळण बंद कर. त्या माणसानं सगळी बंधनं तोडली, तेव्हा तिथली कविता नवी झाली." तुम्ही त्याची मूळ ओळ कधी ऐकलीच नसेल, हे माझ्या मनातही आलं नाही. त्यानंतर मी काही लिहिलं नाही. तीस वर्षं, सर. मी तुम्हाला देव मानत होते आणि तुम्ही अर्धवट माहितीवर माझी वही मिटलीत. धक्का ओसरल्यावर मला भयंकर राग आला.

तुमच्यामुळे माझं लिहिणं सुटलं, ही तक्रार नवऱ्यानं लग्नापासून ऐकली आहे. तो शांतपणे म्हणाला, "मग आता लिही की. सर चुकले हे तर प्रूव्ह झालं. वीकेंड फ्री आहे तुझा."

शनिवारी सकाळी बसले. दुपारी जेवायला उठले तेव्हा कागद कोरा होता. आज रविवार, आजही तेच, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही गेलात त्यालाही बरीच वर्षं झाली. हे कुठे पाठवायचं नाही तेच बरं. कारण त्या दिवशी तुमचा जिना उतरताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ओव्या त्याआधीच सुचेनाशा झाल्या होत्या.