घळईच्या तोंडावरचा फलक गोणपाटाने झाकण्याबाबत

दिनांक : ९ सप्टेंबर

प्रति,
मा. अधिकारी,
घळई व परिसर देखभाल कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याजवळची खोली.

अर्जदार : घळईच्या रस्त्यावरील फोटो स्टुडिओचा चालक.

विषय : सूचना फलकावर माझे छायाचित्र डावे-उजवे उलट छापलेले असल्याने फलक आजच्या आज झाकणे, किंवा मला त्याच्या शेजारी उभे राहू देणे.

संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज, आपली तीन उत्तरे व एक नोटीस.

महोदय,

पाचव्यांदा तसदी देत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. सकाळपासून ढग चढत आहेत. अशा दिवशी मला बसवत नाही, म्हणून हा अर्ज दुकानाच्या काउंटरवर उभ्यानेच लिहीत आहे. अक्षर सांभाळून घ्यावे.

१. एरवी मी ओळखपत्रांचे फोटो काढतो. 'हनुवटी वर, कान दिसू द्या' एवढेच माझे दिवसभराचे बोलणे. पण आभाळ भरून आले की माझे बूड दुकानात टिकत नाही. वादळाच्या तोंडावर घळईत वर काळेकुट्ट आभाळ असते आणि खाली एखाद्याच कड्यावर उन्हाचा पट्टा पडतो. तो चार-पाच मिनिटे राहतो. त्यासाठी मी गिऱ्हाईक खुर्चीत तसेच बसवून पळालो आहे. एक गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत.

२. घळईच्या तोंडाशी उभे राहून आत पाहिले की दोनशे पावलांवर तिला दोन फाटे फुटतात. उजव्या फाट्यात वर पठारावर नेणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. डावा फाटा पुढे बंद आहे आणि पाणी आले की आधी तोच भरतो. तीन वर्षांपूर्वी एका वादळात या पायऱ्यांच्या डोक्यावर वीज पडताना मला नेमकी टिपता आली. नजर डावीकडून उजवीकडे जाते, तेव्हा वीज डावीकडे असती तर चित्र अधिक खुलले असते, असे मला वाटले आणि मी ते संगणकावर उलटवले. पत्नी मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, पायऱ्या तर उजव्या हाताला आहेत ना?" मी म्हणालो, "चित्र आहे ते, नकाशा नाही." महोदय, हे वाक्य मी या अर्जाद्वारे परत घेत आहे.

३. त्या छायाचित्राला आपल्या कार्यालयाच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. त्याची मोठी प्रत आपल्या खुर्चीच्या मागे लावलेली आहे. गेल्या वर्षी तेच छायाचित्र घळईच्या तोंडावरील फलकावर आले आणि त्याखाली सूचना आली : 'अचानक पाणी वाढल्यास चित्रात दिसणाऱ्या पायऱ्यांच्या बाजूस जावे.' फलकावरून मी आठ महिने जा-ये करत होतो. निळा रंग जरा जास्त छापला गेला आहे, एवढेच माझ्या लक्षात आले. सूचना मी वाचलीच नाही.

४. गेल्या महिन्याच्या बारा तारखेला एक सासूबाई आणि त्यांचे जावई घळई पाहायला आले. वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस कोसळला आणि पाणी वाढू लागले. सासूबाई म्हणाल्या, "उजवीकडे चला, मला पायऱ्या दिसतायत." जावई म्हणाले, "बोर्डावर डावीकडे आहेत. बोर्ड सरकारी आहे, तुम्ही नाही." दोघे डावीकडे गेले. पहारेकऱ्याने वरून दोर सोडला म्हणून दोघे वाचले. जावयांचा पाय दोन ठिकाणी मोडला. सासूबाई कमरेइतक्या पाण्यात कपारीला धरून उभ्या होत्या. हे संभाषण त्यांनीच नंतर पहारेकऱ्याच्या खोलीत मला ऐकवले आणि मग विचारले, "तो फोटो कुणी काढलाय हो?" मी चहा आणायला बाहेर गेलो.

५. यावर मी पहिला अर्ज केला. आपल्या कार्यालयाने कळवले की, बक्षीसपात्र छायाचित्र उलटे असू शकत नाही, कारण ते समितीने सुलटे म्हणून निवडले आहे. दुसऱ्या अर्जावर पाहणी झाली. पाहणी करणारे साहेब गाडीने पठारावर गेले आणि पायऱ्यांच्या टोकावरून खाली तोंडाकडे पाहू लागले. त्या बाजूने पाहिल्यावर पायऱ्या डावीकडेच येणार. 'चित्र वस्तुस्थितीशी जुळते' असा शेरा त्यांनी दिला. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच, पण साहेबांना काय बोलणार; मी तर घरात बसून अख्खी घळई फिरवली. तिसऱ्या अर्जावर उत्तर आले की अपघात फलकामुळेच झाला याचा पुरावा जोडावा. चौथ्या अर्जाला पुरावा न जोडल्याने उत्तर नाही.

६. तेव्हापासून ढग दिसला की मी दुकान बंद करून फलकाजवळ जाऊन उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "पाणी आलं तर उजवीकडे. हे चित्र खोटं आहे, मीच काढलंय." लोक मला वेडा समजतात आणि फलकाचे ऐकतात. पाठीमागे घळईत प्रकाश उतरत असतो, कडे उजळतात, आणि मी तिकडे पाठ करून उभा असतो. माझ्यासारख्याला ही शिक्षा पुरेशी होती. त्यात आपली नोटीस आली : 'विनापरवाना मार्गदर्शन करणे व शासकीय फलकाची बदनामी करणे.' आता मी तिथे दिसलो तर पहारेकऱ्याने मला हाकलायचे आहे. तो बिचारा मला चहा देतो आणि मग हाकलतो.

७. आता पुराव्याबद्दल. पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. बारा तारखेला मी तोंडाच्या वरच्या कड्यावर कॅमेरा लावून बसलो होतो. प्रकाश असा होता की तसा पुन्हा मिळणार नाही. काळ्या घळईत दोन छत्र्या, एक लाल, एक पिवळी. मी बटण दाबले. फाट्यापाशी जावयांनी डावीकडे हात केला. मी बटण दाबले. छत्र्या डाव्या फाट्यात शिरल्या आणि मागून तपकिरी लोंढा आला. तेव्हाही मी बटण दाबले. मग कॅमेरा सोडला, ओरडलो आणि दोरासाठी पहारेकऱ्याकडे धावलो. पहिल्या व तिसऱ्या छायाचित्रात एकोणीस सेकंदांचे अंतर आहे. एवढ्या वेळात माझा आवाज खाली पोचला असता की नाही, असे मी स्वतःला रोज विचारतो. घळईत आवाज चांगला पोचतो, महोदय. मला लाज वाटते.

ही छायाचित्रे दाखवली तर फलक चुकीचा ठरतो आणि मीही उघडा पडतो. आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून चार अर्ज मी नुसत्या शब्दांवर रेटले. काल पत्नी म्हणाली, "फोटो लावा अर्जाला, नाहीतर अर्ज करणं तरी थांबवा. पुढच्या वेळी दोर पुरेलच असं नाही."

तरी विनंती की, नवा फलक मंजूर व्हायला लागेल तितका वेळ लागो, जुना आज झाकावा. गोणपाट आम्हीच दिले आहे. तेही नियमात बसत नसेल तर मला फलकाशेजारी उभे राहण्याची लेखी परवानगी द्यावी. मी कॅमेरा आणणार नाही. बक्षीस परत घ्यावे, आणि जमल्यास आपल्या खुर्चीमागची प्रतही उतरवावी.

गडगडाट सुरू झाला आहे. अर्ज पहारेकऱ्याच्या भावाबरोबर पाठवतो आणि परवानगीची वाट न पाहता फलकाकडे निघतो. दुसरी नोटीस तिथल्या पत्त्यावर पाठवावी.

आपला, पाचव्यांदा नम्र,

(सही)
फोटो स्टुडिओवाला

सोबत :
१) मूळ छायाचित्र, वीज उजवीकडे असलेले.
२) बक्षिसाचे प्रमाणपत्र, परत.
३) गोणपाट एक, फलकाच्या मापाचे, पत्नीने शिवलेले, बांधायच्या दोरीसह.
४) बारा तारखेची तीन छायाचित्रे, वेळेच्या क्रमाने. यांतील एकही उलटवलेले नाही.